भंगारातही नको, दानातही नको

कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लॅपटॉप आणि डेस्कटॉपचं उपयुक्त आयुष्य तीन वर्षं धरलं आहे. सर्व्हरला सहा वर्षं मिळतात. आयकराच्या हिशेबात संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा चालतो, म्हणजे साठ हजारांचा लॅपटॉप तीन वर्षांत वहीमध्ये तेरा हजारांच्या खाली येतो. टेबलावर मात्र तो ठणठणीत असतो. कार्यालयांसाठी बांधलेली थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही यंत्रं बऱ्यापैकी सांभाळली आणि मधे एखादी बॅटरी, एखादी एसएसडी बदलली तर आठ-दहा वर्षं चालतात. वहीतलं आयुष्य आणि यंत्राचं आयुष्य यांच्यात ही जी पाच-सात वर्षं उरतात, त्यांचं करायचं काय?

मोठ्या आयटी कंपन्यांनी याचं उत्तर आपल्यापुरतं शोधलं आहे. पुणे, बेंगळुरू, हैदराबादमधून त्यांचे जुने लॅपटॉप लॉटने बाहेर पडतात, दुरुस्त होतात आणि पुन्हा विकले जातात. बाकीच्यांकडे, म्हणजे सरकारी कार्यालयं, महाविद्यालयं, सहकारी बँका, ट्रस्टची रुग्णालयं, मध्यम आकाराचे कारखाने यांच्याकडे, दोनच वाटा रूढ आहेत. एक भंगाराची. दुसरी दानाची. माझ्या मते दोन्ही वाईट आहेत, आणि दुसरी थोडी जास्तच, कारण तिच्यावर टीका करायला कोणी धजत नाही. चालता संगणक विकावा. किंमत लावून, पावती देऊन, त्यातले दोष कागदावर लिहून विकावा.

आधी भंगाराचं बघू. सरकारी कार्यालयात आलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढते आणि तिथून उतरवायची तर निर्लेखन करावं लागतं. प्रस्ताव, समिती, किमतीचा अंदाज, लिलाव. यात चूक काही नाही. सार्वजनिक पैशाची वस्तू आहे. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत तर अतिरिक्त, कालबाह्य आणि निरुपयोगी अशा तिन्ही प्रकारच्या वस्तूंची विल्हेवाट लावता येते. व्यवहारात सगळे तिसऱ्या प्रकाराची वाट पाहत बसतात. चालू स्थितीतला संगणक विकला तर ‘चालू होता तर विकला का?’ हा लेखापरीक्षणाचा आक्षेप ठरलेला. बंद पडलेला संगणक दहा वर्षांनी कवडीमोलाने गेला तर कोणी काही विचारत नाही. अधिकारी आपल्या जागी बरोबरच वागतो. त्याला मिळणारं बक्षीस आणि शिक्षा दोन्ही उलटी लावलेली आहेत.

तोवर यंत्र जिन्याखाली किंवा अडगळीच्या खोलीत पडून असतं. बॅटरी फुगते, पावसाळ्यात बोर्डावर बुरशी धरते, उंदीर वायरी कुरतडतात. मग कधीतरी पंख्यांचे सांगाडे, खुर्च्या आणि संगणक एकाच लॉटमध्ये निघतात आणि बोली किलोवर लागते. ज्या यंत्राचे चौथ्या वर्षी हजारो रुपये आले असते, त्याचे दहाव्या वर्षी शेकड्यांत येतात. पुढे ते नोंदणीकृत कारखान्यात पोचलं तर बरं. दिल्लीच्या सीलमपूरला पोचलं तर सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडतात. मुरादाबादला पोचलं तर जाळले जातात आणि राख रामगंगेच्या काठावर साठते. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाला, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४ चा अहवाल सांगतो. उरलेल्याची वाट बहुतेक अशीच.

कायदाही वजनाच्याच बाजूने झुकलेला आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत उत्पादक कंपन्यांवर पुनर्चक्रणाची उद्दिष्टं घातली आहेत. सुरुवात ६० टक्क्यांपासून, २०२७-२८ पासून ८० टक्के. ही पूर्ण करायला कंपनी पुनर्चक्रण करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रं विकत घेते, आणि ती प्रमाणपत्रं मिळतात सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड बाहेर काढल्याबद्दल. दुरुस्ती करून विकणाऱ्यालाही या नियमांत जागा आहे, हे मान्य. पण त्याच्या प्रमाणपत्राने कंपनीची जबाबदारी पुढे ढकलली जाते, संपत नाही. वाढीव आयुष्य संपल्यावर त्या वजनाचा ७५ टक्के भाग पुन्हा तिच्या खात्यावर येतो. म्हणजे ज्याने यंत्र फोडून तांबं काढलं त्याचं काम पूर्ण धरलं जातं, आणि ज्याने तेच यंत्र चार वर्षं चालतं ठेवलं त्याचं पाव धरलं जातं. लॅपटॉपच्या सगळ्या आयुष्यात जेवढा कार्बन हवेत जातो, त्यातला मोठा वाटा तो बनतानाच गेलेला असतो. हे कंपन्यांचे स्वतःचेच अहवाल सांगतात. मग चालतं यंत्र फोडण्यात शहाणपण कुठलं?

या नियमांतली कचऱ्याची व्याख्या मात्र उपयोगी आहे. कचरा म्हणून टाकून दिलेलं उपकरण, ते ई-कचरा. तुम्ही चालता लॅपटॉप वापरण्यासाठी विकलात तर तो कचरा नाही, ती वस्तू आहे. अनेक संस्थांचे प्रशासन अधिकारी ही रेघ ओलांडण्याआधीच घाबरतात आणि ‘सगळं रिसायकलरला देऊन टाका, सर्टिफिकेट मिळतं’ म्हणून मोकळे होतात. सर्टिफिकेट फायलीला लावायला बरं असतं, एवढंच.

वस्तू म्हणून बघणारे लोक कुठे आहेत हे पाहायचं तर मुंबईत ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडला जावं, बेंगळुरूत एस. पी. रोडला, चेन्नईत रिची स्ट्रीटला. तिथल्या काउंटरवर ‘बंद लॅपटॉप’ नावाची एक वस्तू नसते. पडदा वेगळा, कीबोर्ड वेगळा, बिजागरी वेगळी, रॅमची पट्टी वेगळी, आणि मेलेला बोर्ड चिप काढण्यासाठी वेगळा. मागणीही चमत्कारिक असते. अनेक मराठी छापखान्यांत आजही पानं जुळवायला पेजमेकर हे सॉफ्टवेअर चालतं. त्याची सातवी आवृत्ती २००१ सालची. तिच्यासोबत जुने, युनिकोड नसलेले फाँट आणि कधीकधी मागच्या पोर्टला लावायचा डोंगल, ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. नव्या संगणकाला ते पोर्टच नसतं. भोसरी किंवा अंबडच्या एमआयडीसीत एखादं जुनं सीएनसी मशीन सीरियल पोर्टवरून प्रोग्राम घेतं. मशीन लाखांचं, आणि त्याला पोसणारा संगणक पंधरा वर्षांपूर्वीचा. तो बंद पडला की मालक डीडीआर-२ या जुन्या पिढीच्या रॅमची पट्टी शोधत फिरतो आणि सांगाल ती किंमत देतो. ज्याला आपण अडगळ म्हणतो तिच्यावर कोणाचा तरी कारखाना चालतो. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप खेचून घेतल्या आणि रॅमचे भाव भडकले. मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने तर ‘क्रूशियल’ नावाने चालणारी ग्राहकांसाठीची विक्रीच बंद करत असल्याचं डिसेंबरमध्ये जाहीर केलं. त्यानंतर जुन्या यंत्रातून काढलेल्या डीडीआर-४ च्या पट्टीकडे दुकानदार वेगळ्या नजरेने बघू लागले यात नवल नाही.

आता दान. तालुक्याच्या गावांतल्या शाळांत मी अशा संगणक खोल्या पाहिल्या आहेत. दारावर देणाऱ्याच्या नावाची पाटी, आत धूळ बसू नये म्हणून शिवून घेतलेली कापडी आवरणं, आणि आवरणाखाली सुरू न होणारी यंत्रं. हार पडला, फोटो निघाला, कंपनीच्या वार्षिक अहवालात दोन ओळी आल्या. सहा महिन्यांत यूपीएसची बॅटरी गेली, मग दोन यंत्रांचे वीज पुरवणारे एसएमपीएस गेले. दुरुस्तीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा हे मुख्याध्यापकांना ठाऊक नाही. आणि आता ती यंत्रं शाळेच्या डेडस्टॉकला आहेत! म्हणजे टाकताही येत नाहीत. कंपनीने आपला निर्लेखनाचा प्रश्न सोडवला आणि शाळेच्या गळ्यात बांधला. वर आभाराचं पत्रही घेतलं.

दान दिलेल्या वस्तूबद्दल तक्रार करता येत नाही, हे यातलं खरं दुखणं. फुकट मिळालेल्याला नावं कशी ठेवायची? किंमत मोजली की नातं बदलतं. आठ हजार देऊन घेतलेला संगणक महिन्यात बंद पडला तर मुख्याध्यापिका बाई दुकानदाराला फोन करतात, आणि त्याला यावं लागतं, कारण पुढच्या वर्षी त्याला याच तालुक्यात धंदा करायचा आहे. कंपनीला शाळेचं भलंच करायचं असेल तर तिने आपली यंत्रं बाजारात विकावीत आणि आलेल्या पैशांतून शाळेला जवळच्या दुकानातून, वर्षाच्या हमीसह, शाळेने निवडलेले संगणक घेऊन द्यावेत. बिल कंपनी भरेल, पण गिऱ्हाईक शाळा असेल. फोटो हवाच असेल तर तोही काढा.

‘पण आमचा डेटा?’ हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फॉरमॅट मारला म्हणजे माहिती गेली असं समजणारे अजून पुष्कळ आहेत. साध्या फॉरमॅटने यादी पुसली जाते, मजकूर डिस्कवर तसाच राहतो. अमेरिकेत मॉर्गन स्टॅन्ली या बँकेने जुने सर्व्हर आणि हार्ड डिस्कची विल्हेवाट एका सामान वाहून नेणाऱ्या कंपनीकडे सोपवली. तिला माहिती पुसण्याच्या कामाचा काही अनुभव नव्हता. त्यातली काही यंत्रं ग्राहकांच्या माहितीसकट इंटरनेटवरच्या लिलावात विकली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या रोखे नियामकाने बँकेला साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला. आपल्याकडेही २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आहे, तेव्हा भीती रास्त आहे. फक्त ती चुकीच्या जागी बसली आहे. त्या बँकेचा गुन्हा यंत्रं विकण्याचा नव्हता. न पुसता विकण्याचा, आणि कोणती डिस्क कुठे गेली याची नोंद न ठेवण्याचा होता.

पुसणं अवघडही नाही. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा नीट पुनर्लेखन केलं तरी नेहमीच्या कामासाठी पुरतं. एसएसडीला पुनर्लेखन भरवशाचं नसतं, तिथे तिची स्वतःची ‘सिक्युअर इरेज’ आज्ञा वापरावी लागते. पहिल्या दिवसापासून डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असेल तर काम आणखी सोपं. प्रत्येक डिस्कचा क्रमांक, पुसल्याची तारीख आणि पुसणाऱ्याची सही एवढं रजिस्टर पुरे. बँकेला किंवा पॅथॉलॉजी लॅबला तरीही धीर होत नसेल तर डिस्क काढून ठेवा, तिला भोक पाडा, पण बाकीचा लॅपटॉप विका. एका डिस्कच्या भीतीपोटी सबंध यंत्र श्रेडरमध्ये घालणं हा निव्वळ आळस आहे, सुरक्षिततेच्या नावाने केलेला.

इथवर मी बाजाराची बाजू घेतली, पण बाजार काही धुतल्या तांदळासारखा नाही. ‘रिफर्बिश्ड’ या स्टिकरखाली काहीही खपतं. वरचं झाकण नवं आणि आत थकलेली बॅटरी. चोरीचं विंडोज. आधीच्या कंपनीचं कुलूप बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, तसंच, जे पहिल्यांदा रिसेट करताना लक्षात येतं. आणि हार्ड डिस्कची तर स्वतंत्र कथा आहे. सीगेट आणि वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या डिस्क मूळ नाव काढून, दुसऱ्या नावाचा कागद चिकटवून देशात विकल्या जात होत्या. या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. मे २०२४ मध्ये न्यायालयाने अशी विक्री सरसकट बंद केली नाही; मूळ निर्माता कोण, माल वापरलेला आणि दुरुस्त केलेला आहे, आणि मूळ कंपनीची हमी त्यावर नाही, हे सगळं वेष्टनावर स्पष्ट लिहून विका, असं सांगितलं. मला हा निकाल या धंद्यासाठी गेल्या काही वर्षांतली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही जुना किंवा पुन्हा बांधलेला माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहेच.

म्हणून मागणी बंदीची नसावी, चिठ्ठीची असावी. प्रत्येक जुन्या यंत्रासोबत एक कागद: अनुक्रमांक, बनल्याचं साल, बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता, डिस्क किती तास चालली आहे, कोणते भाग बदलले, विंडोजचा परवाना खरा आहे की लिनक्स टाकलं आहे, बायोसला कुलूप नाही. यातली एकही माहिती मिळवायला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. बरीचशी तर यंत्र स्वतःच सांगतं. जुनी गाडी घेताना आपण आरसी बुक मागतो, इथे पन्नास हजारांपर्यंतची वस्तू ‘भाऊ, एक नंबर पीस आहे’ एवढ्यावर घेतो.

चिठ्ठीसोबत पावती. ‘जीएसटीमुळे पावती परवडत नाही’ असं छोटे दुकानदार म्हणतात, पण जुन्या मालासाठी जीएसटीच्या नियम ३२(५) मध्ये सोय आहे. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट (इनपुट क्रेडिट) घेतली नसेल तर कर फक्त फरकावर लागतो. आठ हजारांना घेतलेला लॅपटॉप अकरा हजारांना विकला तर १८ टक्के तीन हजारांवर, अकरावर नाही. हे सांगणारा हिशेबनीस लॅमिंग्टन रोडवर मिळेलही. लातूर किंवा चिपळूणच्या दुकानदाराला ते कोण सांगणार? पावतीचा दुसरा उपयोग चोरीच्या मालाशी आहे. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. चोरीला गेलेला हँडसेट तिथे बंद करता येतो. लॅपटॉपच्या अनुक्रमांकासाठी असं काहीच नाही. तोवर विक्रेत्याची पावती एवढाच पुरावा. घरातला एखादा फोन किंवा लॅपटॉप ऑनलाइन विकणाऱ्यांना जाता जाता सांगायला हवं: ‘मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन केला की पैसे येतील’ म्हणणारा गिऱ्हाईक नव्हे. पैसे यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही.

वेळेचा मुद्दा आता जास्तच टोकदार झाला आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर. म्हणजे २०१७ च्या आसपासची कोट्यवधी चालती यंत्रं एका सॉफ्टवेअरच्या निर्णयाने जुनी ठरली. त्यांच्यात बिघडलेलं काही नाही. लिनक्स टाकून ती वर्षानुवर्षं चालतील, मराठी टायपिंगसकट. केरळच्या सरकारी शाळा आधी आयटी@स्कूल आणि आता काइट या संस्थेमार्फत उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली वापरतात, आणि तिथली मुलं काही मागे पडलेली नाहीत. टॅलीवाल्याला किंवा श्रीलिपीवाल्याला लिनक्स चालणार नाही, हे खरं. त्याने ते घेऊ नये. पण ब्राउझर, ईमेल आणि अर्ज भरणं एवढ्याच कामाचं गिऱ्हाईक या राज्यात थोडं नाही, आणि त्याला नवा चाळीस हजारांचा लॅपटॉप परवडत नाही.

तेव्हा सार्वजनिक संस्थांनी खरेदीच्या आदेशातच विक्रीचं साल लिहून टाकावं. २०२६ ला घेतलेले संगणक २०३१ ला विकायचे, चालू असोत वा नसोत. ‘चालू होता तर विकला का’ या प्रश्नाचं उत्तर मग फायलीत आधीपासून असेल. विक्री किलोवर नाही, नगावर. लॉट दहा-दहाचे, म्हणजे तालुक्याचा दुकानदारही बोली लावू शकेल. पाचशेचा लॉट काढला की तो दिल्लीचाच व्यापारी उचलतो. संस्थेतल्या कर्मचाऱ्यांनाही बोली लावू द्यावी. त्यात साटंलोटं होईल असं म्हणतात. होईलही. पण प्रत्येक नगाचा क्रमांक आणि आलेली किंमत यादीत छापली तर निदान ते दिसेल. अडगळीच्या खोलीत पडलेल्या पन्नास यंत्रांमधून रॅमच्या पट्ट्या कधी आणि कोणी काढून नेल्या, हे आज कुठल्या रजिस्टरात दिसतं?